काकाजींची वायव्य दिशा

माझ्या सौंसरच्या घरमालकांबद्दल कोणी चांगलं बोललं की आजही माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की गडी आठवणी सांगायच्या नावावर जळून राहिला. जळूनच राहिलो. माझी बदली छिंदवाड्याला झाली, बिऱ्हाड हललं, सामान हललं, ही एक गोष्ट काही हलली नाही.

त्यांना सगळं सौंसर काकाजी म्हणायचं, मीही म्हणायचो. बोरगावच्या बाजूला त्यांचा संत्र्याचा बगीचा आणि गावात दुमजली घर. त्या घराची खालची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं म्हणून मी गेलो होतो. मी वीज खात्यात ज्युनियर इंजिनिअर, घर पांढुर्ण्याला, लग्न व्हायचं होतं. आमच्याकडे खोली देताना आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग मटण खाता का. काकाजींनी यातलं काहीच विचारलं नाही.

"कोनत्या खात्यात?"

"विजेच्या."

ते उठले, माझ्या दंडाला धरलं आणि थेट छतावर घेऊन गेले. छतावर टिनाची एक खोली, तिच्यात टेबलावर रेडिओ, आणि बाहेर जिकडे पाहावं तिकडे तारा. त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला. आत नुसती गुरगुर.

"हा मागच्या गल्लीतला खंबा. तुमचाच हाये. रोज संध्याकाळी माह्या कानात घोरते. याले चूप करा, खोली तुमची."

खांबावरचं चिनी मातीचं इन्सुलेटर तडकलं की असा आवाज रेडिओत शिरतो. दुसऱ्या दिवशी लाइनमनकडून ते बदलून घेतलं. संध्याकाळी काकाजींनी पुन्हा हेडफोन दिला. गुरगुर गेली होती आणि तिच्या जागी एक माणूस कुठल्या तरी परक्या भाषेत, मधूनमधून खोकत, कोणाला तरी काहीतरी समजावून सांगत होता. मी तसाच उभा राहिलो. मला खोली मिळाली आणि त्याच दिवशी हा रोगही लागला. पुढे परीक्षा दिली, सरकारी परवाना काढला, आणि काकाजींच्या छतावर माझीही एक तार टांगली गेली.

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन घरच्या घरी आपल्या यंत्रावरून जगाशी बोलायचा छंद. मोबाइलच्या जमान्यात हे कायले, असं जो तो विचारतो. काकाजींचं उत्तर ठरलेलं असायचं. "मोबाइलवर ज्याले फोन लावला तोच उचलते. इथं कोन उचलन ते सांगता येत नाई." विचारणारा हसून निघून जायचा आणि काकाजी पुन्हा वर पाहायला लागायचे.

वर पाहणं हा त्यांचा धंदाच होता. संत्री नावाला. रस्त्यानं चालताना त्यांची हनुवटी आकाशाकडे, आणि नजर झाडांच्या शेंड्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर, मोबाइलच्या टॉवरवर. कुठं तार बांधता येईल, एवढाच हिशेब. एका मयतीला आम्ही सोबत गेलो होतो. घरची माणसं रडून राहिली, आणि काकाजी अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहत मयताच्या मोठ्या मुलाला म्हणाले, "झाड तोडू नका बरं." तो बिचारा समजला, वडिलांनी लावलेलं झाड आहे म्हणून म्हणत असतील. तो आणखीनच रडला. भाचीसाठी मुलगा पाहायला गेले तेव्हाही तसंच. पोरगा काय करतो, किती शिकला, ते त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, विचारलं. काकाजी जिन्यानं वर जाऊन आले आणि म्हणाले, "स्थळ चांगलं हाये. वायव्येले काई आडवं नाई."

वायव्य ही त्यांची खास दिशा. आपल्याकडून युरोपकडे आवाज पाठवायचा तर तो वायव्येला सोडावा लागतो. काकाजींचा पलंगही त्या दिशेनं तिरपा लावलेला होता, आणि काकूंनी तो सरळ केला की ते रात्री उठून पुन्हा तिरपा करायचे.

आणखी एक खोड. हॅम लोक एकमेकांना दोन आकडे सांगतात, तुमचं बोलणं किती समजलं ते पाचपैकी आणि आवाज किती जोरात आला ते नऊपैकी. चांगल्या घरचे लोक डोळे मिटून सगळ्यांना पाच-नऊ देतात, जसं लग्नात जेवण चांगलं झालं म्हणतात. काकाजी खरे आकडे द्यायचे, आणि रेडिओवरच नाही, सगळीकडे. निवडणुकीच्या दिवसांत भोंगा लावलेली गाडी गल्लीतून गेली की म्हणायचे, "समजलं एक, आवाज नऊ." खालून काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या की म्हणायचे, "समजलं पाच, आवाज नऊ, आलो." मी माझ्या तारेवरून पहिल्यांदा बोललो, तेव्हा मोठ्या आशेनं विचारलं, काकाजी कसं झालं. ते टिनाच्या खोलीत माझ्या बाजूलाच बसलेले. म्हणाले, "समजलं पाच. पन साहेब, सांगाले काई नव्हतं तुमच्यापाशी."

हे असं लागायचं. मी इंजिनिअर माणूस. अँटेना कसा निवडायचा यावर मी पुस्तकं मागवली होती, कॉम्प्युटरवर आकृत्या काढल्या होत्या, कोणत्या उंचीवर कोणत्या कोनातून लहर निघेल ते मला तोंडपाठ होतं. एक दिवस मी त्यांना विचारलं, उभा अँटेना लावू, आडवा लावू, की यागी करू? यागी म्हणजे जुन्या टीव्हीच्या अँटेन्यासारखा, आडव्या नळ्यांचा, फक्त कितीतरी मोठा. तो ज्या दिशेला वळवाल त्या दिशेला आवाज ढकलतो. काकाजींनी संत्र्याची फाक तोंडात टाकली आणि उलट मलाच विचारलं, "बोलाचं कोनाशी हाये?"

मी म्हटलं, "सगळ्यांशी."

"मंग कोनताबी लावा," ते म्हणाले आणि बिया थुंकायला कठड्यापाशी गेले.

त्यांचा स्वतःचा अँटेना पाहून कोणत्याही शिकल्यासवरल्या माणसाला लाज वाटली असती. बगीच्यातल्या विहिरीची मोटार जळाली होती, तिच्या वाइंडिंगची तांब्याची तार. मधोमध एका बांबूवर चढवलेली, दोन्ही टोकं खाली उतरलेली, उलट्या व्हीसारखी. वरून रेडिओपर्यंत येणाऱ्या दोन तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये ठिबकच्या काळ्या नळीचे तुकडे ओवलेले. टोकं फवारणीच्या औषधाच्या डब्याचं प्लास्टिक कापून बांधलेली. मोजमाप म्हणाल तर हातानं, म्हणजे खरोखरच कोपरापासून बोटापर्यंत. माझ्याकडे चांगलं मीटर होतं, मी लावून दाखवतो म्हटलं तर नको म्हणाले. त्यांचं मीटर म्हणजे एक जळालेली ट्यूबलाइट. अँटेन्यात पुरेशी ताकद जात असली की तारेच्या टोकाजवळ धरलेली ट्यूब आपोआप उजळते, हातात धरलेली, कशालाही न जोडलेली. संध्याकाळी काकाजी वर माइकमध्ये शिट्टी वाजवत बसायचे आणि काकू छताच्या कोपऱ्यात ट्यूब धरून उभ्या.

"पेटली का वं?"

"पेटली, अन विझली. आता कुकर पाहू देता का मले?"

शेजारच्या गच्चीवरचे लोक हे दृश्य पाहून आपापल्या पोरांना आत बोलवायचे. मी मात्र मीटर घेऊन बाजूला उभा, कारण त्या ट्यूबच्या भरवशावर बांधलेली ती घाणेरडी तार माझ्या मोजून कापलेल्या तारेइतकीच चालायची. कधी कधी जास्त.

पण मी तारेवर जळत नव्हतो. तार माझी सुधारता आली असती. मी जळत होतो तो पोर्तुगालवाल्यावर.

पोर्तुगालच्या दक्षिणेला कुठंतरी एक म्हातारा होता. त्याचाही संत्र्याचा बगीचा. काकाजी त्याला संत्रेवाला म्हणायचे आणि बहुतेक तोही काकाजींना त्याच्या भाषेत तेच म्हणत असावा. आपल्याकडे दिवेलागण व्हायच्या सुमारास त्याच्याकडे दुपारचं जेवण आटपलेलं असायचं. ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागी, म्हणजे रेडिओच्या काट्यावर ठरलेल्या ठिकाणी, तो येऊन बसायचा आणि काकाजींना हाक मारायचा. रोज. कॉलसाइनची, म्हणजे परवान्यासोबत मिळालेल्या रेडिओवरच्या नावाची, अक्षरं सांगताना सगळं जग ठरावीक शब्द वापरतं, काकाजी आपल्या मनाचे वापरायचे. बी फॉर बोरगाव, जे फॉर जामसांवली. एका इटलीवाल्याला जामसांवली काही केल्या जमेना, तर काकाजींनी त्याला निजलेल्या हनुमानाची सगळी महती ऐकवली, "हनुमान, स्लीपिंग, व्हेरी बिग, यू कम." पोर्तुगालवाल्याला मात्र जामसांवली पाठ होतं. तो ते असं म्हणायचा की जसा दर शनिवारी दर्शनाला येत असावा.

दोघांचंही इंग्रजी लंगडं. माझं त्या दोघांपेक्षा चांगलं. मी बाजूला बसून ऐकायचो.

"फ्रूट ड्रॉप?" काकाजी विचारायचे.

"येस, येस, मच ड्रॉप."

"स्मॉल फ्रूट ऑर बिग फ्रूट?"

"ऑल्सो बिग, माय फ्रेंड."

मग दोघंही थोडा वेळ गप्प. गळलेल्या फळांचं दुःख करून राहिले असावेत. त्या शांततेवरसुद्धा मी जळायचो. माझ्याशी कोणी गप्प राहत नव्हतं. जपानवाले, रशियावाले, जर्मनीवाले, सगळे मला पाच-नऊ द्यायचे आणि लगेच सेव्हंटी थ्री म्हणायचे, म्हणजे हॅम लोकांचा रामराम, आणि पुढच्याकडे वळायचे. पोर्तुगालवाल्यालाही मी माझ्या तारेवरून कितीतरी वेळा हाक मारली. त्यानं उत्तर दिलं, नाही असं नाही. पाच-नऊ, हवामान छान, धन्यवाद, रामराम. बसस्टँडवर अनोळखी माणसाला वेळ सांगावी तसं. लगेच काकाजींना हाक मारली की त्याचा आवाजच बदलायचा. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या जगात एक माणूस असा असावा की जो ठरल्या वेळेला बसून माझी वाट पाहील. एकच. त्यात काय मोठं मागितलं होतं मी?

एका आंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाची, गोष्ट सांगतो. त्या वर्षी झाडं फळांनी वाकली होती. आमच्याकडे अशा वेळी फांद्या मोडू नयेत म्हणून खाली बांबूचे टेकू लावतात. नेमक्या त्याच दिवसांत पोर्तुगालवाल्याचा आवाज बारीक व्हायला लागला. काकाजी अस्वस्थ. अँटेना आणखी उंच पाहिजे म्हणून त्यांनी बगीच्यात जाऊन चांगले लांब, सरळ टेकू काढून आणले आणि छतावर एकावर एक बांधले. मी म्हटलं, काकाजी, झाडांचं काय? म्हणाले, "झाडाले हात असतात, ते धरन." रात्री वारा सुटला. सकाळी बगीच्यात फांद्याच्या फांद्या फाटून पडलेल्या, खाली हिरव्या संत्र्यांचा सडा.

काकूंनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. नुसतं ताट समोर ठेवायच्या. माझ्यापाशी म्हणाल्या, "पोरावानी वाढवलेली झाडं हायेत ती. त्या गोऱ्यासाठी माह्या झाडाचे हात उपटले यानं." मला काकूंची बाजू शंभर टक्के पटली आणि मनातून फार बरं वाटलं. म्हटलं, आता तरी सुटेल हा नाद. त्या संध्याकाळी काकाजी रेडिओवर बसले आणि पोर्तुगालवाल्याला सगळं खरं सांगितलं, "आय टेक बांबू, ट्री ब्रोकन, वाइफ नो टॉकिंग." मग तो म्हातारा असा हसायला लागला की हेडफोनमधून बाहेर ऐकू यावं. त्यांच्याकडे बदाम झोडपायला लांब काठ्या असतात म्हणे. त्यानं एका वर्षी त्या सगळ्या काठ्या अँटेन्याला लावल्या होत्या आणि त्या हंगामात बदाम झाडावरच राहिले. त्याची बायको सहा दिवस बोलली नव्हती. काकाजींनी जिन्यातून खाली वाकून काकूंना आवाज दिला, "अवं, त्याचीबी नव्हती बोलत." काकूंनी तोंड फिरवलं, पण पदराआड हसल्या ते मी पाहिलं. एवढं नुकसान करूनही माणूस जिंकून बसला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग मी ठरवलं की आपला यागी बांधायचा आणि या म्हाताऱ्याला दाखवून द्यायचं. सौंसरला ते शक्य नव्हतं. भाडेकरूचा अँटेना मालकापेक्षा उंच नको, असा काकाजींचा नियमच होता. "माह्या छतावर माह्यापेक्षा उंच काई नाई. काकूचं वाळवनबी नाई." म्हणून मी पांढुर्ण्याच्या आमच्या घराची गच्ची धरली. भाऊ कुरकुरला, शेजाऱ्यांना वाटलं मोबाइलचा टॉवर येऊन राहिला, नगरपालिकेत सांगू म्हणाले. सगळ्यांची समजूत घातली. ॲल्युमिनियमच्या नळ्या नागपूरहून आणल्या, एकेक नळी मोजून कापली, मीटर लावून जुळवली, लोखंडी पाइपवर चढवली आणि तोंड बरोबर वायव्येला केलं. खालून पाहिलं की छाती भरून यायची. काकाजींच्या बांबूच्या दुप्पट उंच होता माझा यागी.

शनिवारी संध्याकाळच्या बसनं पांढुर्ण्याला यायचं आणि रविवारी रेडिओवर बसायचं, असं सुरू झालं. या लहरींची एक गंमत आहे. सातासमुद्रापारचा आवाज आकाशावर आदळून खणखणीत खाली येतो आणि जवळच्या गावचा डोक्यावरून निघून जातो. पोर्तुगाल मला शेजारच्या गच्चीवर बसल्यासारखं ऐकू यायचं, आणि काकाजी सौंसरहून बोलले तर जेमतेम कुजबूज.

पहिल्या रविवारी पोर्तुगालवाल्यानं नेहमीचंच केलं. पाच-नऊ, हवामान, रामराम. दुसऱ्यालाही तेच. सौंसरला परत आलो तर काकाजींनी विचारलं, "बोलला का?" मी म्हटलं, बोलला, फार वेळ बोलला. खोटंच बोललो. ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या डोक्यावरच्या आकाशाकडे, पाहत राहिले.

आणि मग तिसऱ्या रविवारी चमत्कार झाला. मी हाक मारली, त्यानं पाच-नऊ दिलं, आणि रामराम न म्हणता विचारलं, तुझा अँटेना कोणता? मी सांगितलं. नळ्यांची जाडी विचारली, सांगितली. घरी कोण कोण असतं विचारलं. मी काय काम करतो, खांबावर चढावं लागतं का, भीती वाटते का. मला भीती वाटते का, असं माझ्या साहेबांनी कधी विचारलं नव्हतं. मी त्याला माझी पहिली पोस्टिंग सांगितली, वादळात पडलेल्या तारा सांगितल्या. त्याच्या तरुणपणी त्याच्या गावात वीज कशी आली ते त्यानं सांगितलं. खूप वेळ बोललो आम्ही. शेवटी म्हणाला, पुढच्या रविवारी मी असेन.

सोमवारी सकाळी मी पेढे घेऊन छतावर काकाजींकडे गेलो. सगळं मीठमसाला लावून सांगितलं. काकाजी पेढा हातात धरून ऐकत होते. "हाव का," म्हणाले, "बरं झालं." आणि पेढा न खाताच खाली उतरले. जळले, मला वाटलं. पहिल्यांदा मी त्यांना जळताना पाहत होतो. त्या दिवशी ऑफिसात मी एकाही माणसावर डाफरलो नाही.

त्यानंतर रविवार माझा झाला. पोर्तुगालवाला ठरल्या वेळेला यायचा, मला हाक मारायचा, आम्ही बोलायचो. रविवारी काकाजी त्या जागी फिरकतच नव्हते. सोमवार ते शनिवार त्यांचं चालायचं, रविवारी त्यांची कुजबूजसुद्धा नाही. मी मनाशी म्हटलं, माझ्या यागीपुढं त्यांच्या मोटारीच्या तारेचा टिकाव कसा लागणार? येतील तर लाज जाईल, म्हणून येत नसतील. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही.

असा बराच काळ गेला. मग एका रविवारी पोर्तुगालवाला उशिरा आला. मुलगी आणि जावई जेवायला आले होते, त्यांना सोडून उठता येईना. त्यानं माझी माफी मागितली आणि वर म्हणाला, "तुझ्या घरमालकालाही सांग, सॉरी म्हणावं. मी त्याला शब्द दिला होता."

मी विचारलं, "कसला शब्द?"

"रविवारचा. तो म्हणाला होता, रविवार माझ्या भाडेकरूचा. तो दुसऱ्या गावाहून हाक मारतो, त्याच्याशी बोल." आणि मग त्या म्हाताऱ्यानं काकाजींच्या इंग्रजीची हुबेहूब नक्कल केली. त्याला वाटलं मला गंमत वाटेल. "व्हेरी गुड अँटेना, माय फ्रेंड. नोबडी टॉकिंग."

मी रामराम म्हटलं आणि रेडिओ बंद केला. गच्चीवर गेलो. यागीकडे पाहवेना. इतके महिने मी ज्याला माझी कमाई समजत होतो ते काकाजींनी मला दान दिलं होतं, आणि देऊन पुन्हा माझ्याच हातचा पेढा घेतला होता. चांगुलपणातही हा माणूस माझ्या पुढं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. जळण्यासारखं माझ्यापाशी जे काही उरलं होतं ते सगळं त्या दिवशी पेटलं.

सोमवारी त्यांना छतावर गाठलं. ते ठिबकच्या नळीचे तुकडे कापत बसले होते.

"काकाजी, रविवारचं तुम्ही सांगितलं त्याला?"

"कोनाले?"

"पोर्तुगालवाल्याला."

नळी कापणं थांबलं नाही. "मले रविवारी बगीच्यात जा लागते. जागा खाली पडून राहते. म्हटलं कोनी बोलन त बोलन."

"माझ्यावर दया करायचं काही कारण नव्हतं."

तेव्हा त्यांनी मान खाली करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याआधी कधी त्यांनी सरळ तोंडाकडे पाहिलेलं मला तरी आठवत नाही. "दया कायची बे?" पहिल्यांदाच ते मला बे म्हणाले. "तुमी खोटं सांगतलं मले, खूप वेळ बोलला म्हनून. तवा तुमचं तोंड पाहवलं नाई. एवढंच."

जिना उतरताना काकूंनी चहाला थांबवलं, थांबलो नाही. आठवडाभर मी त्यांच्यासमोर जायचं टाळलं. पुढच्या रविवारी बोलायचंच नाही, असं ठरवून टाकलं. ज्याचा त्याचा मित्र ज्याला त्याला लखलाभ.

रविवार आला. पांढुर्ण्याला मी आलोच होतो, सवयीनं. रेडिओही लावला, नुसता ऐकायला. माइक मांडीवर उलटा ठेवला. वेळ झाली आणि पोर्तुगालवाल्यानं मला हाक मारली. मी गप्प. त्यानं पुन्हा मारली. थोडा थांबला, पुन्हा मारली. मग म्हणाला, कोणी आहे का? आणि बराच वेळ नुसती सळसळ.

तेवढ्यात त्या सळसळीच्या खालून दुसरा आवाज आला. बंद दारामागून यावा तसा बारीक. मी आवाज पूर्ण मोठा केला, कान हेडफोनवर दाबले.

"ही विल कम," काकाजी म्हणत होते. "वेट लिटिल."

म्हणजे ते तिथंच होते. बगीच्यात नाही, कुठंच नाही, छतावरच्या टिनाच्या खोलीत. दर रविवारी हेडफोन लावून, माइकला हात न लावता, आमचं बोलणं ऐकत बसत होते.

पोर्तुगालवाल्यानं विचारलं, तो आजारी आहे का?

"नो सिक. अँग्री," काकाजी म्हणाले. "बट ही विल कम."

"ओके, माय फ्रेंड. वुई वेट."

मला दिसत होतं, एक म्हातारा तिकडे जेवण आटपून बसलेला, एक म्हातारा इकडे सौंसरला, दोघंही गप्प, दोघांचेही कान माझ्याकडे लागलेले. खाली भावानं चहाला आवाज दिला. मी माइक उचलला, बटणावर अंगठा ठेवला, आणि त्या दोघांना आणखी थोडं थांबू दिलं.